सतरा नंबरचा डावा पाय

“पाय दुखतोय म्हणून एवढं तोंड पाडायचं? छाती सुधारली तुमची, ते बघा की आधी.”

सकाळी आठचा सुमार होता. सतरा नंबरच्या बेडपाशी उभी राहून मी हे बोलले. बेडवर सुकुमार मगदूम होता. वय त्रेचाळीस, गावच्या दूध संस्थेचा सचिव, अंगानं भरलेला आणि स्वभावानं इतका मऊ की सुई मी टोचायची आणि ‘सॉरी’ तो म्हणायचा. दहा दिवसांपूर्वी आला तेव्हा त्याचा ऑक्सिजन ऐंशीच्या खाली होता. आता चौऱ्याण्णव होता. नाकातली नळी आम्ही आदल्या दिवशीच काढली होती आणि दोन दिवसांत घरी जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं.

“दुखतोय म्हंजे सिस्टर, कालच्यापेक्षा जास्त दुखतोय,” तो म्हणाला. “डावा. पोटरीत. टेकवला की कळ येतीय.”

“दहा दिवस झोपून आहात. आखडणारच.”

“तुमीच म्हटलासा, हलायचं न्हाई म्हणून.”

हे त्यानं तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. मी सांगितलेलं आपण पाळलं, एवढंच त्याला सांगायचं होतं. खरंच मी सांगितलं होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. आमच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीचा हॉल रिकामा करून तिथं बत्तीस खाटा टाकल्या होत्या आणि त्या वार्डाची इन्चार्ज मी होते. पहिल्याच आठवड्यात दोन पेशंट मास्क काढून संडासाला चालत गेले आणि परत आले नाहीत. त्यातला एक तिशीचा होता. तेव्हापासून मी नियम केला की मला विचारल्याशिवाय कुणी खाटेवरून पाय खाली सोडायचा नाही. बाकीचे नजर चुकवून सोडायचे. सुकुमार मगदूम मात्र दहा दिवस सांगितल्या जागी पडून राहिला.

मी त्याच्या पायावरची चादर वर केली नाही. हे मुद्दाम सांगते. सकाळच्या पाळीला बत्तीस पेशंटमागे आम्ही तिघी होतो, तीन जणांची सलाईन संपत आलेली होती आणि पोटरी दुखणं हे त्या दिवसांत दुखणंच वाटत नव्हतं. माणसं श्वासासाठी तडफडत असताना पायाचं काय घेऊन बसायचं, असं मला वाटलं.

“वस्ताद,” मी शेजारच्या खाटेकडे वळून हाक मारली. “ह्यांचा पाय चोळून द्या बरं जरा.”

अठरा नंबरवर केरबा ठोंबरे होते. वय चौसष्ट. सगळा वार्ड त्यांना वस्ताद म्हणायचा, कारण तीस वर्षं ते गावच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवत होते. कान मोडलेले, मान नाहीच, आणि तळहात एवढा रुंद की ऑक्सिजन मोजायचा चिमटा त्यांच्या बोटाला बसेना, करंगळीला लावावा लागायचा. ते बरे झाले होते, पण घरी सून बाळंतीण होती, म्हणून आणखी चार दिवस ठेवून घ्या असं त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विनवलं होतं. त्या दिवसांत सुधारलेल्या माणसाला खाटेवर ठेवून घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. तरी आम्ही ठेवून घेतलं, आणि त्याला कारण वस्तादांचे हात.

नातेवाइकांना आत बंदी होती. डबा गेटवर द्यायचा आणि मागं फिरायचं. आत माणूस एकटा. आम्ही पांढऱ्या पीपीई किटमध्ये, चेहरा दिसत नाही, पाठीवर मार्करनं नाव लिहिलेलं. अशा ठिकाणी वस्ताद रोज सकाळी नाष्टा झाला की उठायचे आणि ज्याचं अंग दुखतंय त्याच्या खाटेवर बसायचे. पाठ, खांदे, तळपाय. तालमीत मेहनत झाल्यावर पोरांना रगडतात तसं नव्हे, म्हाताऱ्या माणसाला सोसेल असं. तेवीस नंबरचे एक निवृत्त तलाठी त्यांच्या हाताखाली लहान मुलासारखे झोपी जायचे. आमच्या गोळ्यांनी जी झोप येत नव्हती ती तिथं यायची. मला ते फार सोयीचं झालं होतं. कुणी अंग दुखतंय म्हणालं की मी अठरा नंबरकडे बोट दाखवायची.

वस्ताद उठून आले. सुकुमारच्या पायावरची चादर त्यांनीच वर केली, पोटरीखाली हात घातला आणि थोडा वेळ नुसतेच बसले.

“चोळू म्हणता?” त्यांनी विचारलं.

“मग काय पूजा करता?” मी म्हणाले. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. सुकुमारही हसला. मी सलाईन बदलायला पुढं गेले.

साडेनऊला राउंड झाला. डॉक्टर ऋतुजा पन्हाळे तेव्हा आमच्याकडे होत्या. सत्तावीस वर्षांची मुलगी, एमबीबीएस होऊन सरकारी सेवेच्या बाँडवर आलेली. येऊन तीन महिने झाले होते आणि त्या तीन महिन्यांत तिनं जेवढे मृत्यूचे दाखले लिहिले तेवढे आमच्या जुन्या डॉक्टरांनी दहा वर्षांत लिहिले नसतील. हुशार होती, पण स्वतःवर विश्वास कमी. प्रत्येक गोष्ट मला विचारायची, “सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?” मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सतरा नंबरपाशी तिनं चिमटा बघितला, छाती तपासली, “छान” म्हणाली. पायाचं तिला सुकुमारनं सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. केसपेपरवर मी आदल्या दिवशीही लिहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही लिहिलं नाही. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन आम्ही सगळ्यांना पोटात द्यायचो. पण तुटवडा होता, म्हणून सुधारलेल्या पेशंटचं बंद करून नव्या पेशंटना देत होतो. सुकुमारचं तीन दिवसांपूर्वी बंद झालं होतं.

साडेदहाला त्यानं मला हाक मारली.

“सिस्टर, लई हलकं वाटायलंय बगा आता. वस्तादांच्या हातात जादू हाय. संडासला चालत जाऊ का?”

“जा. सावकाश. घरी जायचंय, चालायची सवय करा.”

तो खाटेवरून उतरला, मला दाखवायला म्हणून दोन पावलं जरा ऐटीत टाकली, आणखी दोन-तीन टाकली आणि खाली बसला. पडला नाही, बसला. मला वाटलं चक्कर आली. मी पोचेपर्यंत ओठ निळे झाले होते. अंगाला दरदरून घाम. तो माझ्याकडं बघत होता आणि तोंड उघडून हवा घेत होता, पण घेतलेल्या हवेचा काही उपयोग होत नव्हता.

वस्तादांनी त्याला एकट्यानं उचलून खाटेवर ठेवलं. नव्वद किलोचा माणूस. मी मास्क लावला, ऑक्सिजन पूर्ण सोडला. चिमट्यावर एकाहत्तर. नाडी एकशे चाळीस. ब्लडप्रेशर वरचं शहात्तर, खालचं लागतच नव्हतं. तोवर डॉक्टर पळत आली होती.

“काय झालं? आत्ता तर बरा होता.”

“चालताना बसला,” मी म्हणाले.

तिनं छातीला स्टेथोस्कोप लावला. एकीकडं, दुसरीकडं, पुन्हा पहिलीकडं. “हवा दोन्हीकडं जातीय. सारखी जातीय.” मग ईसीजी काढला. कागद हातात धरून ती बघत राहिली. “अटॅक वाटत नाही. पण नॉर्मलही नाही.” तिच्या कपाळावर फेसशील्डच्या काचेच्या आत घामाचे थेंब होते. “कोविडच उलटला असेल का, सिस्टर? सहाव्या-सातव्या दिवशी उलटतो, पण हा दहावा आहे. स्टेरॉइड वाढवू आणि जिल्ह्याला हलवू?”

जिल्ह्याचं ठिकाण साठ किलोमीटर. ऑक्सिजन एकाहत्तर आणि प्रेशर शहात्तर असलेला माणूस अँब्युलन्समधून साठ किलोमीटर जात नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

“सकाळपासून काही वेगळं?” तिनं विचारलं. “काही तक्रार केली होती का त्यानं?”

“नाही,” मी म्हणाले.

असं का म्हणाले, याचा मी नंतर खूप विचार केला. खोटं बोलायचं असं ठरवून बोलले नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वार्डात काही राहून गेलं असं कुणी म्हटलं नव्हतं आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते. शब्द आपोआप बाहेर आला. पायाचा आणि या सगळ्याचा संबंध असेल, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही असं मी पुढं काही दिवस स्वतःला सांगत होते. पण ते खरं नाही. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलेलं होतं. झोपून असलेला माणूस, सुजलेली पोटरी, तिथं रक्ताची गुठळी धरते आणि ती सुटली तर थेट फुप्फुसात जाते. मला आठवलं होतं, म्हणूनच मी ‘नाही’ म्हणाले.

खाटेच्या पलीकडं वस्ताद उभे होते. ते माझ्याकडं बघत होते. काही बोलले नाहीत.

डॉक्टरनं स्टेरॉइड दिलं. सलाईन जोरात सोडलं. प्रेशर चौऱ्याहत्तर झालं. ती जिल्ह्याला फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. सुकुमारनं मास्कच्या आतून काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला.

“पद्माला सांगू नका,” तो म्हणाला. “भिईल ती.”

पद्मा म्हणजे त्याची बायको. अकरा वाजत आले होते, म्हणजे ती डबा घेऊन गेटवर येऊन थांबली असणार. हा माणूस मरायला लागला होता आणि मी माझा केसपेपर सांभाळत होते. मला स्वतःची शिसारी आली.

“डॉक्टर,” मी म्हणाले. “त्याचा डावा पाय बघा. कालपासून पोटरी दुखतीय म्हणत होता. मी लिहिलं नाही. आज सकाळी मी वस्तादांकडून पाय चोळून घ्यायला लावला.”

तिनं फोन खाली केला. माझ्याकडं बघितलंही नाही. चादर ओढून काढली. मग मी पहिल्यांदा तो पाय बघितला. डावी पोटरी फुगलेली, कातडी ताणून चकचकीत झालेली. उजव्या पायाशेजारी ती दुसऱ्याच माणसाची वाटत होती. डॉक्टरनं गॉजची पट्टी आधी उजव्या पोटरीभोवती गुंडाळली, गाठीनं खूण केली, मग डावीभोवती गुंडाळली. तीन बोटांचा फरक. तिनं अंगठ्यानं दाबलं तसा सुकुमार मास्कच्या आत कण्हला.

“किती वेळ चोळला?” तिनं वस्तादांना विचारलं.

“धा-पंधरा मिंटं,” वस्ताद म्हणाले.

तेवढ्यात फोन लागला. जिल्ह्याचे फिजिशियन होते. फोन स्पीकरवर ठेवून ती बोलायला लागली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका सरळ ऐकला. “सर, त्रेचाळीस वर्षं, दहा दिवस झोपून, अचानक कोसळला. प्रेशर चौऱ्याहत्तर. छाती दोन्हीकडं मोकळी. डावी पोटरी सुजलेली, दाबली की दुखते, सकाळी तिला मालिश झालंय. ईसीजीत हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे.”

“मग विचारतेस काय?” पलीकडून आवाज आला. “फुप्फुसातली गुठळी आहे. सीटी स्कॅन नाही ना तुमच्याकडं?”

“नाही. एकोही नाही.”

“अटॅकवाल्यांना देतो ते गुठळी विरघळवायचं इंजेक्शन?”

“एक व्हायल आहे.”

“दे. आता दे. आधी विचार, डोक्याला मार, ऑपरेशन, अल्सर काही झालंय का. रक्तस्राव होऊ शकतो, शंभरात दोघा-तिघांना मेंदूत होतो. नातेवाइकांना सांग आणि दे. अंदाज चुकला तर माझं नाव लिही.” आणि फोन ठेवला, कारण त्यांच्याकडंही कुणीतरी मरत असणार.

गेटवर फोन करून शिपायाला पद्मावती मगदूमला शोधायला सांगितलं. ती तिथंच होती. डॉक्टरनं स्पीकरवरच तिला सगळं सांगितलं, घाई असूनही काही न लपवता. काय झालंय, इंजेक्शन कशाचं, फायदा काय, धोका काय. फोनवर मागं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“न्हाई दिलं तर?” पद्मावतीनं विचारलं.

“न दिलं तर तासाभरात हृदय बंद पडेल असं मला वाटतं.”

ती म्हणाली, “आवळे सिस्टर हायत का तिथं?”

“आहे,” मी म्हणाले. “बोला.”

“हे रोज फोनवर तुमचंच सांगत्यात. सिस्टर असं म्हटल्या, सिस्टर तसं म्हटल्या. तुमी काय म्हणतासा?”

किटमध्ये मला माझाच श्वास ऐकू येत होता. या बाईला सगळं सांगायला हवं होतं, पण तेवढा वेळ नव्हता.

“द्यायला हवं,” मी म्हणाले.

“मग द्या,” ती म्हणाली.

तिच्याकडून कळलं की डोक्याला मार नाही, ऑपरेशन नाही, अल्सर नाही. फ्रिजमधून इंजेक्शनची व्हायल मी आणली. डोस वजनावर असतो. खाटेवर वजन करणार कसं? डॉक्टर त्याच्याकडं अंदाजानं बघत होती.

“नव्वद,” वस्ताद म्हणाले. “एक-दोन किलो हिकडं-तिकडं. आत्ता उचललाय मी.”

डॉक्टरनं डोस भरला. हाताला शीर मी धरली. दहा सेकंदांत औषध आत गेलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. वेळ मी स्वतः लिहिली.

मग वाट बघणं. त्या वाट बघण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दर पाच मिनिटांनी प्रेशर घ्यायचं आणि लिहायचं. चौऱ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. शहात्तर. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, सुईच्या जागेतून यायला लागलं, ते दाबून धरायचं. डॉक्टर सारखी त्याला नाव विचारत होती, हात वर करायला सांगत होती, मेंदूत काही झालं का ते बघायला. चौथ्यांदा नाव विचारल्यावर तो म्हणाला, “अवो मॅडम, मगाधरनं सांगालोय की, मगदूम.” तो जरा वैतागला होता, आणि एवढा वैतागायला जी हवा लागते ती त्याला मिळाली होती. मी चिमटा बघितला. त्र्याऐंशी.

पाऊण वाजता प्रेशर शंभर झालं. दोन वाजता ऑक्सिजन नव्वद. डॉक्टर खुर्चीवर बसली आणि रडली, किटमध्ये, कुणाला दिसणार नाही असं समजून. मला दिसलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“सिस्टर,” थोड्या वेळानं ती म्हणाली, “नोट्समध्ये पायाचं काय लिहू? ‘आज सकाळी लक्षात आलं’ असं लिहिलं तरी चालेल. कुणी विचारणार नाही.”

“कालपासून तक्रार होती, सिस्टरनी नोंद केली नाही, असं लिहा. आणि मालिश माझ्या सांगण्यावरून, हेही लिहा.”

“नक्की?”

“नक्की.”

तिनं लिहिलं. खाली मी सही केली. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला, हे कबूल करते. चूक झाली, पण वेळेवर बोलले. म्हणजे सहा मिनिटं उशिरा बोलले, पण बोलले. नवऱ्याला सांगितलं तर तोही म्हणाला, तू बोललीस म्हणून माणूस वाचला. ते मला ऐकायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमारला अँब्युलन्सनं जिल्ह्याला नेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या स्कॅनचा निरोप आला. दोन्ही फुप्फुसांत गुठळ्यांचे अवशेष होते, पण हृदय सावरलं होतं. मेंदूत रक्तस्राव नाही. माणूस बसून भात खात होता. पद्मावतीला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं, लिहिलं होतं तसंच. ती म्हणाली, “बरं. आता त्यास्नी ह्यातलं काय सांगू नका. तुमच्यावर लई इस्वास हाय त्यांचा.” मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

राहिले वस्ताद. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता. तेवीस नंबरच्या तलाठ्यांनी दोनदा हाक मारली तर म्हणाले, हात दुखतोय. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. मला त्यांची काळजी वाटायला लागली. त्या भल्या माणसाच्या मनात आलं असणार की आपल्या हातानं हे झालं, आणि त्यात त्यांचा काय दोष? डॉक्टरही म्हणाली, “सिस्टर, तुम्ही बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतील.”

चौथ्या दिवशी सकाळी त्यांना घरी सोडायचं होतं. ते खाटेवर बसून पिशवी भरत होते. टॉवेल, तांब्या, दाढीचं सामान. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. वार्डात पेशंटसमोर मी कधी बसत नसे. वेळही नसायचा आणि तशी पद्धतही नव्हती.

“वस्ताद, मगदूम बरे आहेत,” मी म्हणाले. “जेवले काल. चार-सहा दिवसांत घरी येतील.”

“कळलं. डॉक्टरबाईनी सांगितलं.”

“मग तुम्ही का असं तोंड फिरवून बसलाय? हे बघा, पाय तुम्ही चोळलात, पण मी सांगितलं म्हणून चोळलात. चूक माझी आहे. मी डॉक्टरांना सांगितली, कागदावर लिहून दिली, त्यांच्या बायकोलाही सांगितली. तुमच्या मनाला लावून घेऊ नका. रक्ताची गुठळी, फुप्फुस, हे तुम्हाला कुठून माहीत असणार?”

वस्तादांनी पिशवीची नाडी ओढली, गाठ मारली.

“मला म्हाईत हुतं, बाई,” ते म्हणाले.

मला कळेना. “काय माहीत होतं?”

“गुठळीबिठळीचं न्हाई. पायाचं.” त्यांनी हात पुढं केला आणि हवेत पोटरी धरल्यासारखा धरला. “हात घातल्या घातल्या कळलं. एका अंगाला कडक, आनि गरम. दुसरा पाय गार. तालमीत असला पाय आला तर आम्ही हात लावत न्हाई. माझ्या वस्तादांनी शिकवल्यालं, त्येंच्या वस्तादांनी त्येंस्नी. पोटरी कडक आनि गरम असंल तर चोळायचं न्हाई, पाय उशीवर ठेवायचा आनि डाक्टर गाठायचा. एक पोरगं मेलं हुतं म्हनं पूर्वी, आखाड्यातच, चोळता चोळता. तवापास्नं तालमीत त्यो कायदाच हाय.”

वार्डात ऑक्सिजनचा नेहमीचा फुसफुस आवाज चालू होता. कुणीतरी पाणी मागत होतं.

“मग तुम्ही चोळलात का?” मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“तुमी सांगितलंसा की.” त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “मी इचारलं बी, चोळू म्हणता? तुमी हो म्हटलासा. मग मी म्हटलं, ह्या शिकल्याल्या. एवढी मानसं वाचवत्यात. आमच्या तालमीतल्या गोष्टी, कुनी तपासल्यात त्या? असत्याल खोट्या.”

“आणि नंतर? डॉक्टर विचारत होत्या, काही वेगळं झालं का, तेव्हा तुम्ही तिथंच उभे होतात.”

“तुमी न्हाई म्हटलासा ना.”

तीन दिवस मी जी गोष्ट स्वतःला सांगत होते ती अशी होती की या वार्डात ज्याला कळत होतं ती एकटी मी होते आणि मी सहा मिनिटं गप्प बसले. आता ते तसं राहिलं नव्हतं. पाय हातात धरून एका माणसाला आठ वाजताच सगळं कळलं होतं. त्यानं विचारलं होतं, आणि मी त्यावर विनोद केला होता.

“वस्ताद,” मी म्हणाले, “तुम्ही मोठ्यानं सांगायचंत. सिस्टर, हा पाय चोळायचा नाही, असं तोंडावर सांगायचंत मला.”

वस्ताद उठले. पिशवी खांद्याला लावली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, नातवाचा खट्याळपणा सांगताना यावं तसं.

“तुमास्नी?” ते म्हणाले. “बाई, तुमच्या धाकावर तर ह्यो वार्ड चाललाय. तुमच्यापुढं तोंड उघडायची छाती हितं कुनाची हाय?”

आणि हे ते कौतुकानं म्हणाले.